नाव काय त्याचं?

२० ऑगस्ट २०२४, मंगळवार. सकाळपासून बदलापूर स्थानकात माणसे रुळांवर उतरली होती आणि कर्जत मार्गावरची वाहतूक ठप्प झाली होती. दुपारी कल्याणहून आपाचा फोन आला. थोरली बहीण, टीव्ही पाहून घाबरली होती. मी तिला सांगू लागलो – शाळेतल्या दोन लहान मुली, तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी लावलेला उशीर, लोकांचा संताप. तिने मला मध्येच थांबवले.

"ते कळलं रे. नाव काय त्याचं?"

मी नाव सांगितले. पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला आणि पाठोपाठ शब्द आला, "अल्हम्दुलिल्लाह!" लगेच तिची तिलाच लाज वाटली असावी. "अल्लाह त्या पोरींना शिफा देवो," असे काहीसे पुटपुटून तिने फोन ठेवला.

आपाला बोल लावण्याचा अधिकार मला नाही. तीन दिवसांपूर्वी आरोपीला अटक झाल्याचे समजले तेव्हा मीही बातमीतले नाव आधी शोधले होते आणि बातमी नंतर वाचली होती. सुस्काराही सोडला होता, फक्त तो ऐकायला समोर कुणी नव्हते. चार वर्षांच्या मुलींवर अत्याचार झाला आहे आणि निवृत्त शिक्षक असलेला, आयुष्यभर अशाच पोरांना बाराखडी शिकवलेला मी देवाचे आभार मानतो आहे! हे मला आजही पचवता आलेले नाही. हा लेख त्या अपचनातून आला आहे.

वाचकहो, हा सुस्कारा तुमच्याही घरातला आहे, हे मला माहीत आहे. १९९२-९३ पासून तो आपल्या घरांत वस्तीला आहे. बॉम्बस्फोट असो, खून असो, कुणी मुलगी कुणाबरोबर निघून गेलेली असो, आपण आधी नाव पाहतो. कारण पुढचा आठवडा कसा जाणार हे त्या नावावर ठरते. मुलाला वर्गात कुणी काही बोलेल का, भाड्याने घर पाहायला गेल्यावर मालक काय म्हणेल, लोकलमध्ये दाढीवाल्या माणसाच्या शेजारची जागा रिकामी राहील का. नाव त्यांचे असले तर गुन्हा एका माणसाचा असतो, आपले असले तर तो आपल्या सर्वांचा होतो. हा हिशेब आपल्याला कुणी शाळेत शिकवला नाही. वर्षानुवर्षे मथळे वाचून, वाहिन्यांवरच्या लाल पट्ट्या पाहून तो अंगवळणी पडला.

पण यात एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. तिकडचाही माणूस बातमी आली की नावच शोधतो. त्याला हवे ते नाव निघाले तर त्याचा उत्साह वाढतो, नाही निघाले तर बातमीतला रस ओसरतो. आपण भीतीने विचारतो आणि तो हौसेने, पण प्रश्न एकच असतो. दोघांच्या प्रश्नात त्या मुली नसतात. प्रसारमाध्यमे जनमत घडवतात असे आपण परिसंवादांतून म्हणतो. मला वाटते, मत ही फार पुढची गोष्ट झाली. माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न कोणता यावा, हे एकदा ठरवता आले की मत आपोआप घडते.

अफवा मी आयुष्यात पुष्कळ पाहिल्या. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत रात्री कुणीतरी ओरडले, "धरण फुटलं!" माणसे लेकरांना कडेवर घेऊन गच्च्यांवर चढली. आम्हीही चढलो. धरण फुटल्याच्या, त्सुनामी आल्याच्या अशाच अफवांनी मुंबईच्या नेहरूनगरात तेव्हा चेंगराचेंगरी होऊन माणसे मेली. भयंकरच होते ते. पण त्या अफवेत एक प्रामाणिकपणा होता. सकाळपर्यंत पाणी आले नाही आणि अफवा मेली. माणसांविषयीच्या अफवेचे तसे नाही. तिच्यात पाणी येण्या-न येण्याचा प्रश्नच नसतो, म्हणून तिला सकाळ होत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप तेव्हा मोबाइलवरून गावोगाव फिरत होते. पोट भरण्यासाठी गावोगाव हिंडणे हाच ज्यांचा पिढीजात धंदा, ते परके म्हणून संशयित ठरले. त्या पाचांची नावे आज आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? मला येत नाहीत. ती नावे कुणाच्याच उपयोगाची नव्हती.

१६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी मात्र उलट झाले. टाळेबंदीच्या दिवसांत रात्री चोर येतात अशी हवा होती. त्या हवेत दोन साधू आणि त्यांचा चालक पोलिसांच्या देखत मारले गेले. जात तीच, अफवेची. पण मारले गेले ते साधू होते, म्हणून काही वाहिन्यांना मारणाऱ्यांचा धर्म हवा होता. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली आणि तीत एकही मुसलमान नाही, असे सांगावे लागले. ती यादी आमच्या कुटुंबाच्या गटावर पाच जणांनी पाठवली, त्यांत मीही होतो. तिघांच्या खुनाची ती यादी आम्ही ईदचा चाँद दिसल्यासारखी एकमेकांना पाठवत होतो!

आम्हाला तेवढी घाई का होती, हेही सांगायला हवे. त्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मर्कजचे निमित्त करून रोगाला धर्म चिकटवला गेला होता. आमच्या भागात हातगाडीवर केळी विकणाऱ्या पोराला माणसे आधी नाव विचारत आणि मग परत फिरत. त्याने गाडीला तिरंगा लावून पाहिला. तरीही नाव विचारतच. पुढे अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झालेल्या २९ परदेशी तबलिगींची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली. न्या. तानाजी नलावडे आणि न्या. मुकुंद सेवलीकर यांनी २१ ऑगस्ट २०२० रोजी ते गुन्हे रद्द केले, आणि वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी या लोकांविरुद्ध मोठा अपप्रचार केला, त्यांना बळीचा बकरा बनवले गेले, अशा आशयाचे स्पष्ट मत नोंदवले. आरोप काही आठवडे रोज रात्री नऊ वाजता येत होता. निकाल मात्र एकदाच आला. केळीवाला तोपर्यंत गावी निघून गेला होता.

इथवर लिहिले की आपल्या लोकांना बरे वाटते. आपल्यावर झालेल्या अन्यायाची यादी वाचताना माणसाला एक प्रकारचे समाधान मिळते, आणि मी या अंकाचा जुना वाचक असल्याने ते समाधान मला चांगले ओळखता येते. म्हणून आता दुसरी बाजू.

त्याच एप्रिल २०२० च्या सुरुवातीला मालाडच्या मालवणीत कोरोनाने गेलेल्या एका मुसलमान वृद्धाचा दफनविधी कबरस्तानच्या विश्वस्तांनी नाकारला. मातीतून रोग पसरेल ही भीती. अखेर त्या वृद्धाला हिंदू स्मशानभूमीत अग्नी द्यावा लागला. पुढे मे महिन्यात वांद्र्याच्या कबरस्तानाविषयीच्या याचिकेवर निर्णय देताना उच्च न्यायालयाने अशी भीती निराधार ठरवली. पण तो वृद्ध तोवर राख झाला होता. त्याला दोन हात जमीन कुणी नाकारली? कोणत्या वाहिनीने? आपल्याच माणसांनी, आपल्याच भीतीपोटी.

आणि आता माझे. बदलापूरच्या आंदोलनाला जेमतेम आठवडा उलटला होता. २८ ऑगस्टला धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीजवळ जळगाव जिल्ह्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना काही तरुणांनी गोमांस नेत असल्याच्या संशयावरून मारहाण केली. म्हातारा कल्याणला लेकीकडे निघाला होता. डब्यात म्हशीचे मांस असल्याचे तो सांगत होता. ते राज्यात बंद नाही. मारणारे पोलीस भरतीला निघाले होते म्हणे. ती चित्रफीत मी पाहिली आणि माझे हात थरथरले, कारण त्या म्हाताऱ्याच्या जागी मला अब्बा दिसले. दोन दिवसांनी मोबाइलवर निरोप आला की अपमान सहन न होऊन त्यांनी आत्महत्या केली. मी क्षणभरही थांबलो नाही. दिसेल त्याला तो पाठवला, खाली चार कडक ओळी स्वतःच्या जोडल्या. माझ्या भाषेची तारीफ झाली!

तो निरोप खोटा होता. आपण जिवंत आहोत, शांतता राखा, असे त्या बिचाऱ्या गृहस्थांना स्वतः सांगावे लागले. ज्याला परक्यांनी मारले, त्याला आम्ही आपल्यांनी पुन्हा एकदा मारले होते. मी मग 'ती बातमी चुकीची होती' एवढी एक ओळ पाठवली, तीसुद्धा दोन गटांवर. बाकीच्यांना पाठवायचे राहून गेले, असे मी स्वतःला सांगितले. खरे तर पाठवायचे नव्हते. आपल्या बाजूचे एक चांगले हत्यार बोथट होईल असे कुठेतरी वाटले होते. पेरणारा कुणी बदमाश असेलही, पण वाहणारा मी होतो, आणि मी बदमाश नव्हतो, दुःखी होतो.

आपल्या दीनी तालमीत या गोष्टीचा विचार झालेला नाही असे नाही. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की शहानिशा करा, अशी ताकीद आहे आणि वाझमध्ये ती आपण शेकडो वेळा ऐकली आहे, बहुधा इतरांना उद्देशून. हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर मदिनेत तोहमत आली तेव्हाची हकीकतही आपल्याला पाठ असते. पण तीत मिस्तह यांचे नाव येते तिथे आपण भरभर पुढे जातो. तोहमत मुनाफिकांनी उठवली, पण ती तोंडोतोंडी नेणाऱ्यांत मिस्तहही होते, बद्रच्या लढाईत लढलेले सहाबी आणि हजरत अबू बक्र यांच्या मदतीवर जगणारे त्यांचे गरीब नातलग. म्हणजे इमान शाबूत असलेला, उपकाराखाली असलेला माणूससुद्धा ऐकलेले पुढे नेतो. अबू बक्र यांनी रागाने मदत थांबवली, आणि सूरह नूरमधल्या आज्ञेनंतर पुन्हा सुरू केली. मला यातली माफी मोठी वाटते, पण त्याहून जास्त मी त्या मिस्तहचा विचार करतो. शिक्षा झाली, माफी मिळाली, रोजीही परत मिळाली. पण त्यानंतर ते लोकांत उठत-बसत कसे असतील? बंद्यांचा हक्क बंद्यांनीच माफ करायचा असतो, असे आपण मानतो. शंभर जणांना पाठवलेल्या खोट्याची माफी मी कुणाच्या दारी जाऊन मागू?

पुन्हा बदलापूर. इथे मूळ बातमी खरी होती, हे विसरून चालणार नाही. खोट्याला जागा मिळाली ती खऱ्याला उशीर झाल्यामुळे. घटना १२-१३ ऑगस्टच्या सुमाराची. पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास ताटकळत बसवले गेले आणि गुन्हा १६ तारखेला नोंदला गेला. शाळा गप्प, पोलीस गप्प. माणसांना मग ज्याने त्याने सांगितलेले खरे वाटू लागले. मुलीच्या प्रकृतीविषयी नाही नाही ते निरोप फिरले. अफवा पसरवल्याबद्दल पोलिसांनी एका तरुणीवर कारवाईही केली. आंदोलन राजकीय होते, माणसे बाहेरून आणली होती, असे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले. आमच्या शेजारच्या वहिनी त्या दिवशी सकाळपासून फलाट क्रमांक एकवर उभ्या होत्या. त्यांची नात बालवाडीत जाते. त्या बाहेरच्या कशा, ते मला अजून कळलेले नाही.

फलाटावर एकच घोषणा होती – फाशी द्या, आत्ता द्या. रागाला तारीख कळत नाही, हे मी समजू शकतो. पण रागाचा कारभार करणाऱ्यांना ती कळत होती. विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती. सत्ताधारी आणि विरोधक दोघेही फाशीच्या घाईत एकमेकांच्या पुढे धावू लागले. वृत्तपत्रांनी 'नराधम' हा शब्द छापला. (हा शब्द एकदा छापला की 'आरोपी' हा शब्द कसा गुळमुळीत वाटू लागतो, ते पाहा. मराठीचा शिक्षक म्हणून मला त्या शब्दाची ताकद नेहमी भीतीदायक वाटत आली.) त्याच सुमारास शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले, की शाळेतल्या कॅमेऱ्यांचे पंधरा दिवसांचे चित्रण गायब आहे. खरा प्रश्न तो होता. ते चित्रण कुणी पुसले, का पुसले, कुणाला वाचवायचे होते? पण या प्रश्नांची घोषणा होत नाही. त्यांना यमक जुळत नाही.

२३ सप्टेंबरच्या संध्याकाळी आरोपीला तळोजा तुरुंगातून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीतच तो गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावले, असे पोलिसांनी सांगितले. बदलापुरात फटाके वाजले. मुंबईत फलक लागले – तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हाती बंदूक आणि शेजारी अक्षरे, 'बदला पुरा'.

गावाच्या नावाची ही गंमत आधी एका हिंदी चित्रपटाने २०१५ मध्ये करून झाली होती. खरे तर इथली जुनी माणसे सांगतात, की घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर इथे घोडे बदलले जायचे, म्हणून हे बदलापूर. दमलेला घोडा सोडायचा, ताजा घ्यायचा आणि पुढे जायचे. एका कान्याच्या फेरफारात गावाचा बदल जाऊन बदला आला. आणि गावाला ते आवडले!

त्या रात्री वहिनी पेढे घेऊन आमच्याकडे आल्या. "घ्या भाऊ, तोंड गोड करा. सुटली एकदाची पोरं." आमची बेगम माझ्याकडे पाहू लागली. मी पेढा घेतला आणि खाल्ला.

का खाल्ला? वहिनींचे मन मोडवेना, हे एक. दुसरे असे, की त्या दिवशी 'न्यायालयात सिद्ध व्हायला हवे होते' असे म्हणणारा माणूस माझ्या नावाचा असता, तर उद्या काय ऐकावे लागले असते याची भीती. आणि तिसरे, जे सांगायला जड जाते ते असे, की माझ्याही मनात 'बरे झाले' उमटले होते. ज्या समाजाने मालेगावचे प्रकरण पाहिले आहे, त्यातला मी. २००६ च्या बॉम्बस्फोटात कबरस्तानाजवळ मेले ते आपले आणि पकडले गेले तेही आपलेच नऊ तरुण. पाच वर्षे तुरुंगात गेली, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले तेव्हा त्यांतला एक हयात नव्हता. कबुलीजबाब कसे असतात, पोलिसांचे कथन काय चीज असते, हे आम्हाला नको कळायला? ते नऊ जण २००६ सालीच कुठल्या तरी बायपासवर मारले गेले असते, तर आजही ते दोषीच राहिले असते आणि त्यांच्या नावानेही कुणी पेढे वाटले असते. हे मला पेढा तोंडात विरघळत असताना आठवत होते. तरी मी तो थुंकला नाही.

पुढे त्याच्या प्रेताला जागा मिळेना. बापाला दहन नको होते, पुरावा राहावा म्हणून दफन हवे होते. बदलापूर, अंबरनाथ, कळवा, सगळीकडून नकार. बाप उच्च न्यायालयात गेला तेव्हा कुठे २९ सप्टेंबरला उल्हासनगरच्या शांतीनगर स्मशानभूमीत, विरोध आणि बंदोबस्त यांच्यामध्ये, खड्डा मिळाला. मला मालवणीचा तो वृद्ध आठवला. एक निरपराध, दुसरा बहुधा अपराधी; दोघांची तुलना कुणाला खटकेल. पण मेलेल्या माणसाला माती देताना अपराधाची चौकशी आपल्याकडे कधी होत नसे.

उच्च न्यायालयाने पहिल्याच आठवड्यात पोलिसांच्या कथनावर शंका घेतली होती. २० जानेवारी २०२५ रोजी दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल न्यायालयात उघडला गेला. त्यात पाच पोलिसांना मृत्यूस जबाबदार धरले होते. निवडणूक तोवर होऊन गेली होती. बातमी पाहिली आणि मी वहिनींच्या दारी गेलो. मनात थोडा विजयही असावा, पाहा मी म्हणत नव्हतो का, असा. म्हणालो तर मी काहीच नव्हतो.

त्या नातीला शाळेसाठी तयार करत होत्या. माझे बोलणे ऐकून घेतले. अहवाल, पिस्तूल, पाच पोलीस.

"असेल हो भाऊ," त्या म्हणाल्या. "पण त्या कॅमेऱ्यांचं काय झालं? पंधरा दिवसांचं गायब म्हणत होते ना? ते कुणी केलं, ते निघालं का त्याच्यात?"

मी म्हणालो, पाहून सांगतो. नात बुटाचे बंद स्वतः बांधण्याचा हट्ट धरून बसली होती. साडेबाराची शाळा होती आणि रिक्षा खाली येऊन थांबली होती.